लॉजिक गेटचं पहिलं प्रॅक्टिकल: ट्रुथ टेबल पडताळून नेमकं काय पडताळलं जातं?

त्रिशंकू_पिन (धागाकर्ती)

मी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची लॅब घेते. पहिल्या प्रॅक्टिकलचं नाव जवळपास ठरलेलं असतं: मूलभूत लॉजिक गेट्सच्या (० आणि १ वर काम करणाऱ्या छोट्या सर्किट्सच्या) ट्रुथ टेबलची, म्हणजे कोणत्या इनपुटला कोणता आउटपुट या तक्त्याची, पडताळणी. ट्रेनर किटवर आयसी बसवायची, पिन १४ ला ५ व्होल्ट, पिन ७ ला ग्राउंड, दोन स्विच, एक एलईडी. ००, ०१, १०, ११. दिवा लागला की १, नाही लागला की ०. शेवटी जर्नलात "ट्रुथ टेबल पडताळली" असं लिहून मोकळं व्हायचं. तक्ता मुलांना आधीपासून पाठ असतो, त्यामुळे दिवा चुकीचा लागला तरी जर्नलातलं उत्तर बरोबरच येतं.

माझं ठाम मत झालंय की या प्रयोगातून गेट कळत नाही. तक्ता हे गेटने दिलेलं वचन आहे. ते वचन कोणत्या अटींवर पाळलं जातं आणि कुठे मोडतं हे पाहायला लॅब हवी. तक्ता वर्गात शिकवून झालेलाच असतो.

माझ्या म्हणण्याला एक प्रयोग पुरेसा आहे. ७४एचसी३२ घ्या, म्हणजे सीमॉस तंत्राचं ऑर गेट (एक जरी इनपुट १ असला तरी आउटपुट १). पिन ७ ग्राउंडला जोडा. पिन १४ मोकळी सोडा, मुद्दाम. पिन १ आणि २ स्विचमधून थेट ५ व्होल्ट किंवा ग्राउंडला, बाकीचे सगळे इनपुट ग्राउंडला, आणि पिन ३ वर १ किलोओहमचा रेझिस्टर लावून एलईडी. आता तक्ता तपासा. चारही ओळी बरोबर येतील! चिपला सप्लायच दिलेला नाही, तरी प्रयोग "यशस्वी".

कारण सरळ आहे. सीमॉसच्या प्रत्येक इनपुटला आतून सप्लायच्या दिशेने एक संरक्षक डायोड असतो. इनपुट १ केला की ते ५ व्होल्ट डायोडमधून आत शिरतात आणि चिपच्या सप्लायवर साधारण सव्वाचार व्होल्ट तयार होतात. एचसी मालिका २ व्होल्टपासून चालते, तिला तेवढे भरपूर झाले. दोन्ही इनपुट ० असतील तर मात्र चिप मेलेली असते, पण तेव्हा तक्त्यालाही ० च हवा असतो. अँडचं ७४एचसी०८ आणि एक्सॉरचं ७४एचसी८६ हेही असेच पास होतात. चोरी पकडतात ते फक्त नँड, नॉर आणि नॉट, कारण सगळे इनपुट ० असताना त्यांना १ द्यायचा असतो. (हा प्रयोग चटकन उरका. तो डायोड चिपला पोसण्यासाठी नाही.)

म्हणून मी पहिल्या सत्रात आता तक्ता घेतच नाही. ७४एलएस०४ (एलएस ही टीटीएल तंत्राची मालिका) चा एक इन्व्हर्टर, म्हणजे नॉट गेट, १ किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आणि दोन मल्टिमीटर. पॉटची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय पिन १ ला. एक मीटर पिन १ वर, दुसरा पिन २ वर, आणि आउटपुटला एलईडी अजिबात नाही. पॉट हळूहळू फिरवत आलेख काढायचा. बराच वेळ आउटपुट साडेतीन-चार व्होल्टवर ठाम बसलेला असतो. मुलं कंटाळायला लागतात. इनपुट एक व्होल्टच्या आसपास आला की आउटपुट एकदम कोसळतो. पॉट जेमतेम हललेला असतो आणि मीटर ०.२ च्या खाली. मग मुलं मागे जातात, तो कोसळण्याचा टप्पा पुन्हा पुन्हा शोधतात, कारण तिथे आकडा स्थिर राहत नाही. सीआरओ (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर काही वेळा त्या अरुंद पट्ट्यात आउटपुट चक्क थरथरताना, ऑसिलेट होताना दिसतो.

त्यानंतर डेटाशीट उघडायची. ०.८ च्या खाली असेल तर ० मानीन, २.० च्या वर असेल तर १ मानीन. मधल्या १.२ व्होल्टबद्दल एक शब्दही नाही. स्वतःच्या हाताने तो पट्टा पाहिलेल्या मुलाला ही गप्प जागा का ठेवली आहे ते सांगावं लागत नाही.

तर विचारायचं आहे ते हे: गेट्सच्या दोन-तीन सत्रांत तुम्ही काय घेता? काय घ्यावंसं वाटतं?

---

सरळरेघ

ताई, सप्लायशिवाय चालणाऱ्या ऑर गेटची गोष्ट फार आवडली, उद्याच करून बघणार. पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही.

तक्त्याची ताकद व्होल्टेज विसरायला लावण्यातच आहे. बूलचं बीजगणित १८५४ पर्यंत आकाराला आलं होतं, तेव्हा त्याला वीज ठाऊक असायचं कारणच नव्हतं. १९३७ साली शॅननने एमआयटीतल्या प्रबंधात दाखवलं की रिलेंच्या जोडण्यांना तेच बीजगणित लागू होतं. पुढे रिले गेले, व्हॅक्यूम ट्यूब आल्या, त्याही गेल्या, ट्रान्झिस्टर आले. तक्ता जसाच्या तसा राहिला. विद्यार्थ्याने आधी हे विसरायला शिकावं, मग हवं तर आठवावं. पहिल्याच दिवशी ०.८ आणि २.० हातात दिले तर तो कायम व्होल्टेजमध्येच अडकून पडेल आणि शंभर गेट्सचं सर्किट डोक्यात धरू शकणार नाही.

दुसरं, तुम्ही ज्यातून गेट कळत नाही म्हणताय त्या प्रयोगात बरंच काही शिकून होतं. आयसीची खाच डावीकडे ठेवून पिन मोजणं, ब्रेडबोर्डच्या मधल्या खोबणीवर चिप बसवणं, एका रांगेतली पाच भोकं आतून जोडलेली असतात आणि लांब बोर्डांवर सप्लायची पट्टी बऱ्याचदा मध्येच तुटलेली असते हे समजणं. अगदी नवख्या मुलाचं पहिलं सत्र एवढ्यातच जातं आणि ते वाया गेलं असं मला वाटत नाही.

---

त्रिशंकू_पिन

सर, विसरायला शिकावं हे मान्य. पण काय विसरतोय ते एकदा तरी बघून विसरावं ना. तुमच्या मुलाला शंभर गेट्सचं सर्किट डोक्यात धरता येईल, आणि बोर्डवर ते चाललं नाही की शोध कुठून सुरू करायचा ते कळणार नाही. तक्त्यात दोनच किमती असतात, वायरवर तिसरी सापडते.

एलएस चिपचा इनपुट मोकळा राहिला तर चिप त्याला १ समजते. आता अँड गेटच्या दुसऱ्या इनपुटची वायर आतून तुटली आहे असं धरा. ०० ला ०, बरोबर. ०१ ला ०, बरोबर. ११ ला १, बरोबर. चुकते ती फक्त १० ची ओळ. चारातल्या तीन बरोबर आल्यावर मुलगा चौथीला "लूज काँटॅक्ट असेल" म्हणतो आणि तक्त्यातलं उत्तर लिहून टाकतो. मीटर पिनवर टेकवला असता तर एक-दीड व्होल्टच्या आसपास आकडा दिसला असता. हा आकडा ना धड शून्याचा ना धड एकचा, म्हणजे इथे कोणीच जोडलेलं नाही. मीटरचा हा वाचनाभ्यास तक्ता देत नाही.

---

कपाट_नंबर_७

मी शिकवत नाही, लॅब सांभाळतो. बरीच वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मॅडम म्हणतात ते रोजच्या अनुभवातलं आहे. माझ्याकडे येणारी निम्मी तक्रार "सर, आयसी खराब आहे" अशी असते. तपासतो तेव्हा बहुतेक वेळा आयसी चांगली निघते. पाय चिपच्या पोटाखाली दुमडलेला असतो, वरून दिसतही नाही. किंवा ७४०२ (नॉर) असते आणि मुलाने ७४०० (नँड) सारखी जोडलेली असते. ७४०० मध्ये पिन १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट. ७४०८, ७४३२, ७४८६ तशाच. ७४०२ मात्र उलटी: पिन १ आउटपुट, २ आणि ३ इनपुट. चार चिप्स एकसारख्या जोडून हात बसला की पाचवी डोळे झाकून तशीच जोडली जाते, आणि मग गेटचा आउटपुट आणि ट्रेनरचा स्विच एकमेकांशी भांडत बसतात. ४०११ नँडच असली तरी तिच्याही मधल्या दोन गेट्सचे पाय वेगळे, तिथे ३ बरोबर ४ सुद्धा आउटपुट आहे.

चिपवरचे आकडे वाचण्याचाही घोळ असतो. एक आकडा चिपचं नाव, दुसरा बनवल्याचं वर्ष आणि आठवडा. ८६०८ असं छापलेलं असलं तर ती १९८६ च्या आठव्या आठवड्यातली. मुलं शेवटचे दोन आकडे बघतात आणि "०८ आहे, अँड गेट" म्हणून घेऊन जातात.

एक प्रकार मात्र शिक्षकांनाही चकवतो. एकाच खणात ७४एलएस आणि ७४एचसी मिसळलेल्या असल्या की सर्किट एका टेबलावर चालतं, शेजारच्या टेबलावर नाही. एलएसच्या १ ची हमी फक्त २.७ व्होल्टची. एचसीला ५ व्होल्ट सप्लायवर १ समजायला साडेतीन लागतात. आउटपुटवर भार नसला तर एलएस साडेतीनच्या वर जाते, म्हणून काम निभावतं. त्याच आउटपुटवर तपासायला एलईडी लावला की व्होल्टेज खाली येतं आणि पुढची एचसी गोंधळते. म्हणजे दिवा काढला की सर्किट चालतं, दिवा लावला की बंद! मुलं म्हणतात भुताटकी आहे. दिवा काढून त्या वायरवरून ५ व्होल्टला २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावला किंवा एचसीच्या जागी एचसीटी (एलएसच्या पातळ्या समजणारी एचसी) टाकली की प्रश्न मिटतो. मी आता दोन्हींचे खण वेगळे केलेत आणि वर रंगीत पट्ट्या लावल्यात.

एक विनंती. आयसी काढताना दोन्ही बाजूंनी सारखी उचला, बोटाने एका टोकाने ओढू नका. आणि बिघडलेली आयसी परत खणात टाकू नका. कृपया.

---

लुकअप

वाचतोय. थोडा वेगळा सूर लावतो. हे सगळं खरं, पण आज गेट्स असे कोण जोडतं? माझ्या कामात सगळं एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं ठरवता येणाऱ्या चिपवर, असतं. तिथे अँड किंवा ऑर असं वेगळं गेट फारसं नसतंच. चार इनपुटचा एक लुकअप टेबल म्हणजे १६ बिटांची स्मृती, आणि तिच्यात चक्क ट्रुथ टेबल लिहिलेली असते. म्हणजे तक्ता हेच हार्डवेअर. तक्त्याला कमी लेखू नका.

---

नॅनोसेकंद

लुकअप, त्या एफपीजीएतही टायमिंगचा रिपोर्ट लाल झाला की डिझाइन अडतंच ना? तक्त्याला वेळेचा रकाना नसतो. माझ्या मते गेट्सच्या लॅबचं खरं सोनं तिथे आहे आणि ते ब्रेडबोर्डवरच हाताला लागतं.

ताईंनी काय घ्यावं म्हणून विचारलंय, तर माझी पहिली पसंती रिंग ऑसिलेटर, म्हणजे गोलाकार जोडलेले इन्व्हर्टर. ७४एचसी०४ मध्ये सहा इन्व्हर्टर असतात. पाच एकापुढे एक जोडा आणि पाचव्याचा आउटपुट पहिल्याच्या इनपुटला द्या. सहावा बफर म्हणून ठेवा, सीआरओ त्याच्यावर लावा, म्हणजे प्रोबचा भार रिंगवर येत नाही. प्रोब १० पटीचा घ्या. आता या सर्किटची ट्रुथ टेबल मांडा बरं. मांडताच येत नाही, कारण पहिला ० असेल तर पाच वेळा उलटल्यावर तोच १ असायला हवा. कागदावर हा विरोधाभास आहे आणि बोर्डवर तीच लाट असते. एक पूर्ण आवर्तन म्हणजे बदल रिंगभोवती दोनदा फिरणं, म्हणून आवर्तनकाल = २ × ५ × एका गेटचा विलंब. गेटला साधारण १० नॅनोसेकंद लागत असतील तर १०० नॅनोसेकंद, म्हणजे १० मेगाहर्ट्‌झ. मुलं उलटं गणित करतात: पडद्यावर कालावधी मोजतात, दहाने भागतात, आणि डोळ्यांना कधीच न दिसणारा एका गेटचा विलंब हातात येतो. तो डेटाशीटशी ताडून बघायचा. ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांची कपॅसिटन्स त्यात मिसळलेली असते, तेव्हा आकडा जरा मोठा आला तर मुलांना त्याचं कारण शोधू द्या.

मग सप्लाय ५ वरून हळूहळू ३ वर आणा. लाट संथ होत जाते, डोळ्यांसमोर. वेग आणि सप्लाय यांचं नातं मुलांना इथे पहिल्यांदा भेटतं. मी एचसी सांगतोय ते यासाठीच, कारण एलएसला ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर नेता येत नाही.

एक सावधगिरी: जुना २० मेगाहर्ट्‌झचा सीआरओ असेल तर १० मेगाहर्ट्‌झची चौकोनी लाट त्याच्यावर साइनसारखी गुळगुळीत दिसेल. तो दोष सर्किटचा नाही, पडद्याचा आहे, आणि तेही मुलांना आवर्जून सांगावं. आणि चिपच्या १४ आणि ७ पिनांच्या अगदी जवळ १०४ लिहिलेला कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, लावायचाच. तो काढून तीच लाट पुन्हा पाहा, सप्लायच्या पिनवरही प्रोब टेकवा. डिकपलिंग (चिपच्या सप्लायजवळ असा कपॅसिटर लावणं) का करतात यावर तास घ्यावा लागणार नाही.

---

अर्धबेरीज

मी विद्यार्थिनी आहे, सेकंड इयर. इथे सगळे मोठे लोक लिहितायत, तरी विचारते.

आम्ही दोन नँड गेट्सचं एसआर लॅच (एक बिट लक्षात ठेवणारं सर्किट) केलं, ७४एलएस०० वर. पुस्तकात लिहिलंय की दोन्ही इनपुट ० केले तर दोन्ही आउटपुट १ होतात, आणि मग दोन्ही एकदम १ केले तर पुढची स्थिती अनिश्चित. आमचं मात्र दर वेळी क्यू (दोनपैकी मुख्य आउटपुट) १ च येतं. दोन्ही इनपुट एकाच स्विचला जोडूनसुद्धा तेच. अनिश्चित असेल तर कधीतरी ० यायला हवं ना? मॅडमनी जर्नलात "अनिश्चित" लिहायला सांगितलं, आम्ही लिहिलं, पण आमच्या बोर्डवर ते तसं नाहीये.

---

त्रिशंकू_पिन

अर्धबेरीज, या धाग्यावरचा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रश्न. तुझं निरीक्षण बरोबर आहे, ते जर्नलात जसंच्या तसं लिहायला हवं होतं.

दोन्ही इनपुट १ झाले त्या क्षणी दोन्ही गेट्सना आपला आउटपुट ० वर आणायचा असतो. जो आधी ० वर पोचतो तो दुसऱ्याला १ वर अडकवून ठेवतो. म्हणजे ही शर्यत आहे. पुस्तकाला तुमच्या बोर्डवरचं कोणतं गेट जलद आहे ते ठाऊक नाही, म्हणून पुस्तक अनिश्चित म्हणतं. तुमच्या बोर्डवर मात्र तीच दोन गेट्स, त्याच लांबीच्या वायरी, तेच एलईडी. त्यातलं एक किंचित जलद आहे आणि ते दर वेळी जिंकतं.

हे तपासून बघता येईल. क्यू आणि ग्राउंडच्या मध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लाव. मग तो काढून दुसऱ्या आउटपुटला लाव. दोन्ही इनपुट एकाच स्विचला राहू देत. आधी कागदावर लिही काय होईल असं वाटतं, मगच स्विच मार.

---

सरळरेघ

या प्रश्नाने मला विचारात पाडलं. "अनिश्चित" हा शब्द आपण तक्त्यात भरतो आणि पुढे जातो. मुलीच्या बोर्डवर तो खोटा ठरतोय आणि ती तो निमूट उतरवून घेतेय, ही गोष्ट चांगली नाही.

तरीही, ताई, पहिल्या सत्रात तक्ता ठेवावा या मतावर मी कायम आहे. फक्त एक बदल करेन. दिव्याच्या रकान्याशेजारी व्होल्टेजचा रकाना. प्रत्येक ओळीत दोन्ही इनपुट आणि आउटपुट, तिन्ही पिनांचं व्होल्टेज चिपच्या पायावर मोजून लिहायचं, वायरच्या टोकावर नाही. आणि तक्त्याच्या वर पिन १४ आणि पिन ७ चं व्होल्टेज. तेवढ्याने तुमचं सप्लायशिवाय चालणारं ऑर गेट पहिल्या ओळीतच पकडलं जाईल, आणि तुटलेल्या वायरचं अँडही.

---

त्रिशंकू_पिन

सर, हे मला पूर्ण मान्य आहे. तक्ता राहू दे, पण मोजून आलेला. जिथे मोजमाप उघड्या डोळ्यांपेक्षा वेगळं सांगतं तिथे मुलाने थांबावं, एवढंच मला हवं होतं. पॉटचा आलेख मग दुसऱ्या सत्रात घेईन.

---

नॅनोसेकंद

तिसऱ्या सत्रासाठी माझ्याकडून ग्लिच, म्हणजे आउटपुटची क्षणभराची चुकीची उडी. लुकअप, हा तुमच्यासाठीही.

एका ७४एलएस०० मधल्या चारही नँड वापरून दोन इनपुटचा मल्टिप्लेक्सर होतो, म्हणजे सिलेक्ट सांगेल तो एक इनपुट (ए किंवा बी) पुढे पाठवणारं सर्किट. पहिलं गेट सिलेक्टला उलटं करतं, दुसऱ्याला बी आणि सिलेक्ट, तिसऱ्याला ए आणि उलटा सिलेक्ट, चौथं दोघांना एकत्र करतं. आता ए आणि बी दोन्ही १ ला बांधून टाका. सिलेक्ट काहीही असो, आउटपुट १ च राहिला पाहिजे. तक्ता तसंच म्हणतो. एलईडीही तसंच म्हणतो, अखंड पेटलेला.

सिलेक्ट १ वरून ० वर येतो तेव्हा बीचं गेट एका विलंबात सोडतं, पण एचं गेट धरायला दोन विलंब लागतात, कारण मध्ये इन्व्हर्टर आहे. तेवढ्या फटीत आउटपुट कोणीच धरलेला नसतो आणि तो ० वर घसरतो, साधारण १० नॅनोसेकंदांसाठी. ० वरून १ वर जाताना असं होत नाही, तिथे नवं गेट जुनं सोडायच्या आधीच धरतं. फट रुंद हवी असेल तर इन्व्हर्टरच्या वाटेत ७४एलएस०४ मधले आणखी दोन घाला, साधारण ३० नॅनोसेकंद होतील आणि साध्या सीआरओवरही खड्डा दिसेल.

पण सीआरओ नसला तरी चालेल. हा आउटपुट ७४एलएस९३ या काउंटरच्या क्लॉकला, पिन १४ ला द्या. या चिपचा सप्लाय पिन ५ ला आणि ग्राउंड पिन १० ला असतो, इथे सवयीने १४ आणि ७ जोडू नका. पिन २ आणि ३ ग्राउंडला बांधा, मोकळ्या ठेवल्या तर त्या १ समजल्या जातात आणि काउंटर कायम रिसेटमध्ये बसतो. पिन १२ क्लॉक-बीला, म्हणजे पिन १ ला. सिलेक्टला फंक्शन जनरेटरच्या टीटीएल आउटपुटमधून सेकंदाला एक स्पंद. आता बघा: मल्टिप्लेक्सरचा एलईडी ढिम्म, एकदाही मिचकत नाही, आणि काउंटर मात्र दर सेकंदाला एक पुढे जातोय. तो मोजतोय ते आपल्याला दिसत नाही, पण त्याला दिसतंय.

याचा उपाय बहुतेकांनी कार्नो मॅपमध्ये (तक्त्यावरून छोटं सूत्र काढायच्या चौकटींत) पाहिलेला असतो: ए आणि बी यांचं जादा पद, जे मॅपमध्ये अनावश्यक म्हणून आपण खोडायला शिकवतो. शेवटच्या गेटच्या जागी तीन इनपुटचं नँड, म्हणजे ७४एलएस१०, घ्या आणि ए-बीचं नँड दुसऱ्या ७४एलएस०० मधून आणून तिसऱ्या इनपुटला द्या. काउंटर थांबतो. तक्त्याच्या दृष्टीने त्या पदाने काहीच बदललेलं नाही.

---

लुकअप

हे भारी आहे. तक्ता तोच, सर्किट वेगळं, वागणूक वेगळी. माझ्या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना गेट्समधून क्लॉक तयार करू नका असं नियम म्हणून सांगतात. का, ते कोणी असं दाखवत नाही. ढिम्म एलईडीच्या शेजारी पळणारा काउंटर पाहिलेला मुलगा तो नियम विसरणार नाही. माझं आधीचं म्हणणं एवढ्यापुरतं मागे.

---

कपाट_नंबर_७

एक व्यवहाराची गोष्ट. एलईडी लावताना मुलं तो आउटपुटवरून ग्राउंडला लावतात. एलएसची १ द्यायची ताकद ०.४ मिलिअँपिअरच्या हिशोबाने धरलेली असते, ० वर मात्र ती ८ मिलिअँपिअर ओढते. म्हणून दिवा ५ व्होल्टवरून ३३० ओहममधून आउटपुटकडे लावा. आउटपुट ० झाला की दिवा लागेल, उलटं वाचायची सवय करावी लागेल, पण व्होल्टेज बिघडणार नाही. सरळरेघ सरांच्या नव्या तक्त्यात व्होल्टेज मोजायचंच असेल तर हे नक्की पाळा, नाहीतर अर्ध्या टेबलांवर १ चा आकडा दोनच्या आसपास येईल आणि सगळे माझ्याकडे आयसी बदलायला येतील.

७४एलएस१० दरवेळी सगळ्यांत कमी उरतात. तिसरं सत्र घेणार असाल तर आधी सांगून ठेवा, मी प्रत्येक चिप तपासून बाजूला काढून ठेवतो.

---

अर्धबेरीज

मॅडम, करून बघितलं. आधी कागदावर लिहिलं होतं की कपॅसिटर लावलेली बाजू हळू होईल म्हणून ती हरेल आणि ० होईल. उलटं झालं. क्यूवर कपॅसिटर होता तेव्हा क्यू १, दुसऱ्या आउटपुटवर लावला तेव्हा तो १ आणि क्यू ०. दर वेळी.

मग लक्षात आलं की शर्यत ० वर आधी पोचायची आहे. कपॅसिटरमुळे ती बाजू खाली यायला उशीर करते, तोपर्यंत समोरचं गेट ० झालेलं असतं, आणि ते हिला १ वर ठेवतं. म्हणजे हळू असणाराच १ राहतो.

कपॅसिटर काढून दोन्ही गेट्सची अदलाबदलही केली. पिन १, २, ३ वाल्या गेटच्या जागी ४, ५, ६ वालं. क्यू ० यायला लागला, दर वेळी. म्हणजे आमच्या चिपमध्ये ४, ५, ६ वालं गेट थोडं जलद आहे. दुसरी ७४एलएस०० लावली तर परत उलटं.

---

त्रिशंकू_पिन

शाब्बास. हे सगळं जसं इथे लिहिलंस तसंच जर्नलात लिही, आधीचा चुकलेला अंदाजही ठेव. पुढचं: दोन्ही आउटपुटना एकेक कपॅसिटर लाव, एकाच किमतीचे, आणि मग एकाला १०० पिकोफॅरडची भर घाल. किती भर घातल्यावर निकाल उलटतो ते शोध. दोन गेट्समधला फरक किती आहे याचा अंदाज त्यातून काढता येईल. लॅब सांभाळणाऱ्या काकांकडे लहान किमतींचे सिरॅमिक कपॅसिटर असतील, विचारून बघ.